१७ अंकी संख्या वही-पेन्सिलीने कशी उलगडायची

मोठी संख्या समोर आली की बहुतेक जण एकतर घाबरतात, नाहीतर ती सरळ संगणकात टाकतात. या दोन्हींच्या मधे तिसरी एक वाट आहे. संख्येला ओळीने काही प्रश्न विचारायचे आणि तिची उत्तरं टिपून घ्यायची. या लेखात आपण एकच संख्या घेऊन शेवटपर्यंत जाऊ:

१२३४५६७८९८७६५४३२१

१ पासून ९ पर्यंत चढायचं आणि पुन्हा १ पर्यंत उतरायचं. उलटी वाचा, सुलटी वाचा, सारखीच. ही मी मुद्दाम निवडली, कारण तिचं नातं आपल्याच एका शाळामास्तरांशी आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूला, शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात, आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक. ६१७४ हा आकडा ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो तेच हे कापरेकर. १, १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी 'डेमलो संख्या' म्हटलं. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवर डेमलो नावाचं स्टेशन होतं, तिथे त्यांना ही कल्पना सुचली म्हणून हे नाव. डोंबिवलीचंच ते जुनं नाव, असं सांगतात. आपली १७ अंकी संख्या याच घराण्यातली नववी.

लागणारं सामान: चौकडीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि तासभर शांतता. सातवी-आठवीचं गणित पुरेल.

पायरी १: आधी नीट लिहा, मग वाचा

घाईत एखादा अंक गळला की पुढचं सगळं वाया जातं, म्हणून चौकडीच्या वहीत एका घरात एकच अंक लिहा. मग उजवीकडून स्वल्पविराम द्या. पहिले तीन अंक सोडून, नंतर दोन-दोन:

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

आजच्या बोलीत वाचायची तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटीतले कोटी म्हणताना जीभ अडखळते. आपल्याकडे मात्र प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव होतं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी १८ स्थानं दिली आहेत. त्या हिशोबाने आपली संख्या 'एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म…' अशी सुरू होते आणि बरोबर मधला ९ अर्बुदाच्या घरात बसतो. परार्धाला फक्त एक घर कमी. मोठ्याने एकदा वाचून पाहाच, संख्येची उंची कळते.

अंदाजही घेऊन ठेवा. सेकंदाला एक या वेगाने, न थांबता इथपर्यंत मोजायचं म्हटलं तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील.

पायरी २: पडद्यावर विसंबू नका

नवखे इथेच फसतात, म्हणून हे लवकर सांगतो. ही संख्या एक्सेलच्या चौकटीत टाका. एक्सेल १५ अंकच सांभाळतं, त्यामुळे शेवटच्या २१ च्या जागी ०० येतात. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत साधा गुणाकार करून ही संख्या काढली तर शेवट ३२१ ऐवजी ३२० येतो.

यात गूढ काही नाही. संगणक अशा संख्या ज्या नेहमीच्या पद्धतीने साठवतो, तिच्यात २ च्या ५३ व्या घातापर्यंतच्या, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या सगळ्या पूर्णांकांना जागा आहे. त्यापुढे, दुप्पट होईपर्यंत, फक्त सम संख्यांना. आपली संख्या त्या मर्यादेच्या पुढची आणि वर विषम. तिला तिथे जागाच नाही, म्हणून ती शेजारच्या सम संख्येत ढकलली जाते.

३२१ चं ३२० झालं तर काय बिघडलं? सगळंच. विषमची सम झाली, ९ ने भाग जात होता तो जाईना, वर्गसंख्या होती ती राहिली नाही. संख्येचे गुणधर्म शेवटच्या अंकापर्यंत अचूक असतील तरच ते गुणधर्म. यंत्र वापरायचंच असेल तर पायथन ही संगणकभाषा घ्या, त्यातले पूर्णांक कितीही लांब असले तरी तंतोतंत राहतात. पण आज आपण हातानेच करू.

पायरी ३: विभाज्यतेच्या कसोट्या

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ दोन्ही बाद. ४, ६, ८, १० त्यांच्याबरोबरच गेले.

अंकांची बेरीज करा. १ ते ८ ची बेरीज ३६, दोन्ही बाजूंची मिळून ७२, आणि मधला ९. एकूण ८१. म्हणजे ३ ने आणि ९ ने निःशेष भाग जातो. पण ८१ आली म्हणून ८१ नेही भाग जातोच, असं समजू नका. अंकांच्या बेरजेची कसोटी ९ पर्यंतच चालते. (इथे ८१ नेही भाग जातो, पण त्याचं कारण वेगळं आहे. ते पुढे.)

७, ११, १३ या तिघांसाठी एकच कसोटी पुरते. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजा-अधिक करा:

३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९

३०९ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने भागलं तरी १, १३ ने भागलं तर १०. तिघेही बाद.

तेच गट आता नुसते जोडा:

१२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७

२९९७ म्हणजे ९९९ ची तिप्पट, आणि ९९९ = २७ × ३७. म्हणून आपल्या संख्येला २७ नेही भाग जातो आणि ३७ नेही. ही तीन-तीनच्या गटांची कसोटी शाळेत सहसा शिकवत नाहीत, पण मला ती फार आवडते. ३७ सारखा आडवळणाचा अवयव दोन ओळींत हाती लागतो.

पायरी ४: वर्गसंख्या आहे का?

आधी झटपट चाळणी. वर्गसंख्येचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ असतो. आपला १, ठीक. विषम वर्गसंख्येला ८ ने भागलं की बाकी नेहमी १ उरते. शेवटचे तीन अंक ३२१, आठ चोक बत्तीस म्हणून ३२०, बाकी १. हेही ठीक. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत गेलं तर वर्गसंख्येची १, ४, ७ किंवा ९ च येते. आपली ९. तिन्ही चाळण्या पार झाल्या. पण चाळणीतून खाली पडलेलं सगळंच पीठ नसतं, त्यामुळे आता वर्गमूळ काढायलाच हवं.

शाळेतली भागाकार पद्धत आठवा. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या:

१ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१

नऊ गट, म्हणजे वर्गमूळ नऊ अंकी. पहिला अंक १, बाकी शून्य. २३ खाली उतरवा. आलेल्या वर्गमूळाची दुप्पट २, पुढे १ लावून २१, एकदा वजा. बाकी २. आता ४५ उतरवा, २४५ झाले. दुप्पट २२, पुढे १ लावून २२१. बाकी २४. मग ६७ उतरवून २४६७, त्यातून २२२१ गेले, बाकी २४६.

इथे पेन्सिल ठेवून बाक्या पाहा: २, २४, २४६. पुढे काय येणार? २४६८. येतेच. २४६८९ वजा २२२२१. त्यापुढे मात्र उतार लागतो:

२४६८८७ − २२२२२१ = २४६६६
२४६६६६५ − २२२२२२१ = २४४४४४
२४४४४४४३ − २२२२२२२१ = २२२२२२२
२२२२२२२२१ − २२२२२२२२१ = ०

दर वेळी वर्गमूळाचा नवा अंक १ च आला. वर्गमूळ १११११११११, नऊ एक. मुलांना हे करायला दिलं की २४६ वर कोणीतरी 'पुढे आठ!' असं ओरडतंच. त्या ओरडण्यासाठी हा उदाहरणाचा खटाटोप मी पुन्हा पुन्हा करतो.

असं का होतं, हे उलट बाजूने पाहिलं की लख्ख दिसतं. १११११११११ ला १११११११११ ने गुणा. वहीत नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. उभे स्तंभ मोजा. सर्वांत उजव्या स्तंभात एकच १, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, मधोमध नऊ आणि पुन्हा उतरती भाजणी. सर्वांत उंच स्तंभाची बेरीज ९, त्यामुळे कुठेही हातचा येत नाही आणि स्तंभांच्या उंच्याच जशाच्या तशा उत्तरात उतरतात. हातचा नसला की गुणाकाराच्या अंकांची बेरीज ही दोन्ही संख्यांच्या अंकबेरजांचा गुणाकार असते. ९ × ९ = ८१. पायरी ३ मधली ८१ इथून आली. आणि १११११११११ ला ९ ने भाग जातो म्हणून त्याच्या वर्गाला ८१ ने जाणारच.

पायरी ५: मूळ अवयव

आता १७ अंकी संख्या बाजूला ठेवा. ती वर्ग आहे हे कळल्यावर वर्गमूळाचे अवयव पाडले की काम झालं. वर्गात तेच अवयव दुप्पट घातांकाने येतात. नऊ अंक फोडायचे आणि १७ अंक फोडायचे, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

१११११११११ ÷ ९ = १२३४५६७९. (आठ गायब आहे, लिहिताना चुकलेलं नाही. १ ला ८१ ने भागल्यावर दशांशात ०१२३४५६७९ हेच अंक फिरत राहतात, तिथेही आठ नाही.)
१२३४५६७९ ÷ ३७ = ३३३६६७.

३३३६६७ पुढे फुटते का? ती मूळ असेल तर थांबायचं, नसेल तर आणखी फोडायची. सरळ मार्ग म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहणं. त्या आहेत १०६. एका दुपारचं काम. पण थोडा विचार केला तर त्यातले बहुतेक भागाकार न करताच बाद होतात.

३३३६६७ ची तिप्पट १००१००१. आणि १००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९. म्हणजे ३३३६६७ ला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिने ९९९९९९९९९ लाही जाणार. तिला 'प' म्हणू. आता १, १०, १००, १००० या संख्यांना प ने भागत गेलं तर बाक्यांचं एक चक्र फिरतं, आणि वरच्या गोष्टीमुळे नऊ पावलांनंतर बाकी पुन्हा १ वर येते. म्हणजे चक्राची लांबी १, ३ किंवा ९. लांबी १ किंवा ३ असेल तर प ने ९९९ ला भाग जायला हवा, म्हणजे प हा ३ किंवा ३७. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ नाही. ३७ ने भागलं तर बाकी १, म्हणून ३७ ही नाही. उरली लांबी ९.

इथे फ्रेंच गणिती पिएर द फर्मा मदतीला येतो. त्याने १६४० मध्ये मांडलेल्या नियमाने, १० ला ज्या मूळ संख्येने भाग जात नाही अशा कोणत्याही प साठी, प − १ पावलांनंतर बाकी १ वर येतेच. चक्र नवाचं, म्हणून प − १ हा ९ च्या पाढ्यात हवा. प विषम, म्हणून प − १ समही हवा. तेव्हा १८ च्या पाढ्यात. म्हणजे १८ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवून जी मूळ संख्या येते, तिनेच भाग जाऊ शकतो:

१९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७

१०६ च्या जागी १७, आणि त्यातला ३७ तर आधीच बाद. सोळा भागाकार. १९ ने बाकी ८, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने ६, १८१ ने ८४, १९९ ने १४३, २७१ ने ६६, ३०७ ने २६५, ३७९ ने १४७, ३९७ ने १८७, ४३३ ने २५७, ४८७ ने ७२, ५२३ ने ५१६, ५४१ ने ४११, ५७७ ने १६१. कुठेही शून्य नाही. माझ्या बाक्यांवर विश्वास ठेवू नका, निदान चार तरी स्वतः करून पाहा.

तर ३३३६६७ मूळ संख्या आहे, आणि आपली संख्या अशी उलगडली:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७

पायरी ६: विभाजक मोजा

अवयव हाती आले की हे दोन मिनिटांचं काम. कोणताही विभाजक बनवताना ३ शून्य ते चार वेळा घेता येतो (५ प्रकार), ३७ शून्य ते दोन वेळा (३ प्रकार), ३३३६६७ ही तसाच (३ प्रकार). ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. आकडा विषम आला, तो यायलाच हवा. विभाजक जोडीने येतात, फक्त वर्गसंख्येत वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते. इथे सम आकडा आला असता तर कुठेतरी चूक झाली आहे असं समजायचं.

पायरी ७: काटकोन त्रिकोण

हे नवख्यांना सहसा कोणी दाखवत नाही, म्हणून थोडं थांबून. ३७ चा वर्ग १३६९. तो दोन वर्गांची बेरीज आहे: १२ चा वर्ग १४४, ३५ चा वर्ग १२२५. म्हणजे १२, ३५, ३७ हे पायथागोरसचं त्रिकूट. आपल्या वर्गमूळाला ३७ ने भागलं की ३००३००३ येतात. तिन्ही बाजू तेवढ्या पटींनी वाढवा:

३६०३६०३६, १०५१०५१०५, १११११११११

नऊ एकांचा कर्ण असलेला काटकोन त्रिकोण. पूर्णांक बाजूंचा असा त्रिकोण हा एकच आहे. ३ आणि ३३३६६७ यांना ४ ने भागलं तर बाकी ३ उरते, आणि तशा मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत नवी वाट काढून देत नाहीत. बाकी १ उरते ती फक्त ३७ ची.

पायरी ८: मधून कापा आणि जोडा

ही कापरेकरांची खास रीत. संख्येचे उजवीकडचे नऊ अंक वेगळे करा, डावीकडे उरतील आठ. दोन्ही तुकडे जोडा:

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

वर्गमूळात नऊ एक होते, बेरजेत नऊ नऊ आले.

आता हेच दहा एकांवर करा. ११११११११११ चा वर्ग वहीत मांडा. या वेळी मधल्या स्तंभात दहा एक येतात आणि पहिल्यांदाच हातचा येतो. मधे ०, हातचा डावीकडच्या ९ मध्ये, तिथेही १० होऊन ०, पुढचा हातचा ८ मध्ये, तिथे ९. चढ-उतार मोडतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज १०० यायची ती ८२ वर आली, कारण प्रत्येक हातचा बेरजेतले ९ खातो.

देखणेपण गेलं असं वाटतं. पण उजवीकडचे दहा अंक कापून तुकडे जोडा:

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

ज्या संख्येचा वर्ग केला तीच परत आली. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. अशांना जग कापरेकर संख्या म्हणतं, आणि दहा एक त्यांच्यातलेच. नऊ एकांना हे का जमलं नाही, याचं उत्तर ९ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीत आहे. नऊ एकांची बाकी ०, दहा एकांची १. वहीचं पुढचं पान त्यासाठी मोकळं ठेवा.